लहान अक्षरं

त्या बँडचं नाव मी घेत नाही.
गाडीत तसा नियम होता, हिल्क्काचा,
आणि गाडी माझी असली तरी नियम तिचेच.

लोक म्हणत, ते दोघं.
तिसरा मी, कौको, स्टिअरिंगमागे.
हाकणाऱ्याला कोण मोजतं?

त्र्याऐंशीच्या मार्चात, टामपेरेच्या हॉटेलात
तिनं बेस गिटार पेटीत ठेवली, कड्या लावल्या
आणि रेयोला म्हणाली, तुझं तू बघ.
टाउनो तिच्यामागून उठला.
त्याचं रेयोनं काही घोडं मारलं नव्हतं.
जिन्यात मी विचारलं, तू का रे?
म्हणाला, ती नसली की
ताल कुठे ठेवायचा ते मला कळत नाही.

पहिल्या वर्षीची पोस्टरं अजून माझ्या गॅरेजात आहेत.
दोन नावं, बस्स. काळ्यावर पिवळी, वीतभर उंच.
केमीला अकरा माणसं आली,
त्यातली दोन हॉलची किल्ली परत न्यायला.

दुसऱ्या वर्षी नावांखाली एक ओळ उगवली,
मुंगीच्या पायांची:
त्या बँडमधले.
हिल्क्कानं पाहिली. खिडकीची काच वर केली.
कोट्काला ती ओळ बोटभर झाली.
सावोनलिन्नाला नावांच्या डोक्यावर चढून बसली.
मग एका मासळीच्या जत्रेत,
हेरिंगच्या पिंपांमध्ये ठोकलेल्या फळीवर,
नुसती तीच ओळ, आणि खाली, दोन सभासद.
टाउनो म्हणाला,
चला, आकडा तरी बरोबर आहे.

नवराबायको का, असंही विचारत.
तिचं लग्न एका दंतवैद्याशी झालं, मोडलं.
त्याचं झालंच नाही.
एकदा घाटासारख्या वळणावर गाडी घसरली, खड्ड्यात गेली,
तेव्हा तिनं आधी ड्रमची कातडी चाचपली,
त्यानं आधी बेसची मान.
मी कपाळावरचं रक्त पुसत म्हटलं,
मीपण ठीक आहे.

शेवटी जहाज.
तुर्कूहून स्टॉकहोम, स्टॉकहोमहून तुर्कू,
आठव्या मजल्यावरचा बार, जुगाराची यंत्रं, करमुक्त अत्तराचं दुकान.
पगार महिन्याच्या महिन्याला.
एकोणीस वर्षं आम्ही रोज रात्री निघालो
आणि रोज सकाळी पोचलो,
पोचल्यासारखं मात्र कधी वाटलं नाही.
लिफ्टमध्ये ते गाणं लागायचं.
कुणी भाड्याचा पोरगा तिचा बेस वाजवायचा,
सुरासूर तिचाच, घोटून पाठ केलेला.
हिल्क्का जिन्यानं जायची.
आठ मजले. गुडघे दुखायला लागल्यावरही.

फर्माईश रोज यायची, नशेत, नोटेसकट.
ती नोट परत करायची. उपाशी होतो त्या वर्षीसुद्धा.

फेब्रुवारीतली एक रात्र. बाहेर बर्फ फुटत होता,
जहाजाच्या कण्यातून त्याचा आवाज वर येत होता.
बारमध्ये एक ट्रकवाला, लात्वियाचा,
आणि खुर्च्या जोडून झोपवलेलं कुणाचंतरी मूल.
कुणी काही मागितलं नाही.
टाउनोनं ब्रश उचलले, बर्फाच्या मागेमागे गेला,
आणि हिल्क्कानं, माझ्याकडे न बघता,
ते सुरू केलं.

शब्द नाहीत. रेयोचा गिटार नाही.
टाळ्यांची जागा नाही.
खालचा मजला तेवढा,
ज्यावर बाकीच्यांनी घर बांधलं होतं.
मी मिक्सरवरचा हात काढून घेतला.
एवढी वर्षं ऐकलेलं गाणं
मला पहिल्यांदा कळेना कुठून कुठे चाललंय.

संपल्यावर ट्रकवाल्यानं ग्लास खाली ठेवला.
छान होतं, म्हणाला. कधी ऐकलं नव्हतं.
तुमचं आहे?

तिनं टाउनोकडे पाहिलं.
तो झांजेचा स्क्रू आवळत होता, आधीच आवळलेला.

हो, हिल्क्का म्हणाली.

मग मी ॲम्प्लिफायर उचलला.
त्या रात्री ती माझ्याबरोबर
लिफ्टमध्ये आली.